परदेशी पिचरचा करार महाग की परवडणारा? हिशोब मांडायची एक पद्धत

डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाने जपानचा पिचर (चेंडू टाकणारा, क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा) योशिनोबु यामामोतोशी १२ वर्षांचा, ३२.५ कोटी डॉलरचा करार केला. तोवर त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, एक चेंडूही टाकला नव्हता. थोड्याफार फरकाने असा मथळा बहुतेक हिवाळ्यांत येतो आणि क्रिकेटवर वाढलेली, अमेरिकेत नुकतीच आलेली आपली मंडळी विचारतात, "इथे न खेळलेल्या माणसाला एवढे पैसे?" ऑफिसातले बेसबॉलवेडे त्यावर तावातावाने बोलतात, पण सगळी चर्चा मथळ्यातल्या आकड्याभोवतीच फिरते.

मथळ्यातला आकडा म्हणजे त्या पिचरची किंमत नव्हे. त्यात त्याच्या जुन्या संघाला द्यायचे पैसे नसतात, लीगला भरायचा कर नसतो, आणि त्याचा हात किती वर्षं टिकेल याचा अंदाज तर नसतोच. शिवाय तोच पिचर, तोच पगार, पण एका संघाला पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट दुसऱ्याला पडतो. त्यामुळे "महाग आहे का" हा प्रश्न अर्धाच. "कोणाला महाग आहे" असं विचारायचं. मी हा हिशोब हौसेने स्प्रेडशीटवर मांडतो. नव्या माणसाला एका संध्याकाळी जमेल इतका तो सोपा आहे.

काय काय लागेल

- एक कोरी स्प्रेडशीट.
- करार आणि संघांचा एकूण पगार: स्पॉटट्रॅक किंवा कॉट्स कॉन्ट्रॅक्ट्स.
- खेळाची आकडेवारी: बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स. जपानी लीगचे आकडे एनपीबीच्या (तिथल्या व्यावसायिक बेसबॉल लीगच्या) संकेतस्थळावर इंग्रजीतही असतात.
- पिचरची जन्मतारीख, आणि गेल्या पाच हंगामांत त्याने किती इनिंग टाकल्या ती यादी (तीन फलंदाज बाद झाले की पिचरची एक इनिंग होते).
- संघाने सलग किती वर्षं लक्झरी टॅक्स (एकूण पगार ठरलेल्या रकमेच्या वर गेला की लीगला भरायचा कर) भरला आहे ती नोंद. हीच गोष्ट लोक बघत नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

१. तो कोणत्या वाटेने येतोय ते आधी बघा

जपानच्या लीगमध्ये नऊ हंगामांची सेवा झाली की खेळाडू परदेशी जायला मोकळा होतो. जुन्या संघाला दमडीही द्यावी लागत नाही. कोदाई सेंगा असाच आला: डिसेंबर २०२२, न्यूयॉर्क मेट्स, ५ वर्षं, ७.५ कोटी डॉलर. त्याच्या बाबतीत दुसरी पायरी सोडून द्या.

नऊ वर्षांच्या आत यायचं तर जुन्या संघाची परवानगी लागते. संघ खेळाडूला 'पोस्ट' करतो, मेजर लीगच्या सगळ्या संघांना बोलणी करायला ४५ दिवस मिळतात, आणि करार झाला तर जुन्या संघाला शुल्क मिळतं. यामामोतोसाठी ते ओरिक्स बफेलोजना मिळालं. कोरियन लीगमधून येणाऱ्यांसाठीही अशीच व्यवस्था आहे.

तिसरी वाट २५ वर्षांखालच्यांची, किंवा सहा हंगाम न झालेल्यांची. त्यांना खुला करार मिळत नाही, ठरावीक निधीतून फक्त साइनिंग बोनस मिळतो. शोहेई ओतानीला २०१७ मध्ये २३ लाख १५ हजार डॉलर मिळाले, रोकी सासाकीला २०२५ मध्ये ६५ लाख. असे खेळाडू परवडतात सगळ्यांनाच, मिळतात एकालाच. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

सापळा: जुने लेख वाचताना तारीख बघा. २०१३ पर्यंत संघ बंद पाकिटात बोली लावायचे आणि सर्वांत मोठ्या बोलीवाल्यालाच बोलणी करता यायची. बॉस्टनने २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाकासाठी लावलेली बोली होती ५,११,११,१११ डॉलर ११ सेंट. त्याच हिवाळ्यात यांकीजनी केई इगावासाठी २,६०,००,१९४ डॉलर लावले. शेवटचे १९४ का, तर त्याने त्या हंगामात १९४ स्ट्राइकआऊट घेतले होते, म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केले होते. पुढे २०१३ मध्ये शुल्कावर २ कोटींची मर्यादा आली, आणि २०१८ पासून टक्केवारी सुरू झाली. ते जुने आकडे आजच्या करारांशेजारी ठेवून तुलना करू नका.

२. जुन्या संघाचं शुल्क काढा

हमी असलेल्या रकमेच्या पहिल्या २.५ कोटींवर २० टक्के, पुढच्या २.५ कोटींवर १७.५ टक्के, आणि ५ कोटींच्या वरच्या सगळ्या रकमेवर १५ टक्के.

यामामोतोचं करून बघू. पहिल्या टप्प्याचे ५० लाख, दुसऱ्याचे ४३ लाख ७५ हजार, उरलेल्या २७.५ कोटींचे ४ कोटी १२ लाख ५० हजार. एकूण ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर. म्हणजे मथळ्यातले ३२.५ कोटी प्रत्यक्षात ३७.५६ कोटी झाले. शोता इमानागाने जानेवारी २०२४ मध्ये शिकागो कब्जशी ४ वर्षांचा ५.३ कोटींचा करार केला, त्याचं शुल्क ९८ लाख २५ हजार.

हे शुल्क पगाराच्या वर असतं, पगारातून कापत नाहीत. पुढे करारातला एखादा पर्याय वापरला गेला किंवा कामगिरीचा बोनस मिळाला, तर त्यावरही १५ टक्के जुन्या संघाला जातात. एक दिलासा मात्र आहे: लक्झरी टॅक्स मोजताना हे शुल्क धरत नाहीत.

३. संघाचा कर मोजा

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती, त्यापुढे एक रुपया खर्च करता येत नव्हता. मेजर लीगमध्ये असा कडेलोट नाही. एक उंबरठा आहे, २०२५ साठी २४.१ कोटी डॉलर आणि २०२६ साठी २४.४ कोटी. ओलांडायचा तर खुशाल ओलांडा, पण वरच्या रकमेवर कर भरा. पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०. उंबरठ्याच्या २ कोटींहून जास्त वर गेलात की त्यावर अधिभार लागतो, आणि ६ कोटींच्या वरच्या रकमेवर तो तब्बल ६० टक्के असतो. सलग तिसऱ्यांदा भरणारा आणि ६ कोटींहून वर गेलेला संघ पुढच्या प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट कर भरतो.

एक काल्पनिक पिचर घ्या. पोस्टिंगने आला, ५ वर्षं, १० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला २ कोटी. शुल्क १ कोटी ६८ लाख ७५ हजार. आता तीन संघ बघू.

- पहिला संघ उंबरठ्याच्या बराच खाली आहे. कर शून्य. एकूण खर्च सुमारे ११.७ कोटी.
- दुसरा बरोबर उंबरठ्यावर उभा आहे आणि या पिचरमुळे पहिल्यांदाच वर जातो. पाच वर्षं तसाच राहिला तर कर ४० लाख, ६० लाख, मग तीन वर्षं १-१ कोटी. एकूण खर्च सुमारे १५.७ कोटी.
- तिसरा आधीच ६ कोटींहून जास्त वर आहे आणि वर्षानुवर्षं कर भरतोय. त्याला दर वर्षी २.२ कोटी कर. एकूण खर्च सुमारे २२.७ कोटी.

तोच माणूस, तोच पगार. म्हणून "अमुक संघाने एवढे दिले, मग आपल्या संघाला काय धाड भरली होती" ही तक्रार दोन्ही संघांच्या पगाराची यादी बघितल्याशिवाय करू नये.

दोन सापळे. पहिला, कर त्या वर्षाच्या प्रत्यक्ष पगारावर नाही, तर कराराच्या वार्षिक सरासरीवर लागतो. यामामोतोची सरासरी २.७१ कोटी येते. तेवढेच पैसे ८ वर्षांत दिले असते तर ती ४ कोटींच्या वर गेली असती. करार १२ वर्षांचा का, याचं बरंचसं उत्तर यात आहे. काही संघ पैसे पुढच्या काळात द्यायचं ठरवूनही ही सरासरी खाली आणतात. ओतानीचा डॉजर्सशी झालेला करार ७० कोटींचा, पण त्यातले ६८ कोटी नंतर बिनव्याजी द्यायचे असल्यामुळे करासाठी तो वर्षाला साधारण ४.६ कोटींचाच धरला जातो.

दुसरा सापळा, वरचे दर २०२२ ते २०२६ या काळातल्या कामगार कराराचे (खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यातल्या कराराचे) आहेत. त्यापुढच्या वर्षांचा कर काढताना आजचेच दर चालतील असं गृहीत धरू नका, त्या रकान्यांना वेगळा रंग द्या.

उंबरठ्याच्या ४ कोटी वर गेलेल्या संघाची ड्राफ्टमधली (नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायची वार्षिक प्रक्रिया) पहिली निवडही १० जागा मागे ढकलली जाते. ती पैशात मोजणं अवघड आहे. मी फक्त शेजारी नोंद करतो.

४. जपानमधले आकडे इथल्या मापाने वाचा

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. कमी तितका चांगला. शेवटचा जपानी हंगाम आणि पहिला अमेरिकन हंगाम शेजारी ठेवा: मात्सुझाका २.१३ वरून ४.४०. यु दारविश १.४४ वरून ३.९०. मासाहिरो तानाका १.२७ वरून २.७७. यामामोतो १.२१ वरून ३.००. घसरण प्रत्येकाची झाली. यात नालायकी कुणाची नाही, खेळच वेगळा आहे. जपानमध्ये मुख्य पिचर साधारण आठवड्यातून एकदा टाकतो, इथे पाचव्या दिवशी उभं राहायचं. तिथे हंगाम १४३ सामन्यांचा, इथे १६२ चा. चेंडूही वेगळा: जपानचा बोटांना जरा चिकटतो, इथला निसरडा असतो.

मग बघायचं काय? स्ट्राइकआऊट आणि वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर जाऊ देणं) यांचं प्रमाण, आणि फास्टबॉलचा वेग. जिंकलेल्या सामन्यांकडे दुर्लक्ष करा. तानाका २०१३ मध्ये राकुतेन या जपानी संघाकडून २४ जिंकून एकही हरला नव्हता. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यात फलंदाजांचाही वाटा असतोच.

इगावाचं उदाहरण जुनं असलं तरी बघून ठेवा. बोली आणि २ कोटींचा पाच वर्षांचा करार मिळून यांकीजचे ४.६ कोटी गेले. त्याने मेजर लीगमध्ये १६ सामने खेळले, २ जिंकले, ईआरए ६.६६. बाकीचा काळ खालच्या लीगमध्ये. ७१ इनिंग आणि वर दोन बाद, म्हणजे एका इनिंगला साधारण ६ लाख ४० हजार डॉलर.

५. हात किती वर्षं चालेल?

पिचर विकत घेणं म्हणजे एका कोपराचा आणि एका खांद्याचा करार करणं. मात्सुझाकाच्या कोपरावर २०११ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा फाटलेला स्नायुबंध बदलण्याची) झाली, दारविशच्या २०१५ मध्ये, ओतानीच्या २०१८ मध्ये. या शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, आणि पगार चालूच असतो. कोरियाच्या ह्युन-जिन र्‍यूचा २०१५ चा अख्खा हंगाम खांद्यापायी गेला. सेंगाने पहिल्या वर्षी ईआरए २.९८ ठेवला आणि २०२४ च्या नियमित हंगामात त्याला एकच सामना सुरू करता आला.

मात्सुझाका आणि तानाका यांची तुलना इथे उपयोगाची आहे. बॉस्टनचे बोली आणि करार मिळून साधारण १०.३ कोटी, त्यात ६ वर्षांत ६६८ इनिंग. यांकीजचे तानाकासाठी करारावरचे १५.५ कोटी अधिक २ कोटी शुल्क, त्यात ७ वर्षांत १०५४ इनिंग. दर इनिंगचा भाव काढला तर दोघे जवळजवळ सारखे, दीड-पावणेदोन लाखांच्या आसपास. पण मात्सुझाकाच्या निम्म्याहून जास्त इनिंग पहिल्या दोन वर्षांतच संपल्या, पुढची चार वर्षं संघ त्याची वाट बघत राहिला. तानाकाच्या कोपराचा स्नायुबंध २०१४ मध्ये अर्धवट फाटला, तरी तो शस्त्रक्रियेविना शेवटपर्यंत टाकत राहिला. आता उलट बाजूही बघा. मात्सुझाकाच्या पहिल्याच वर्षी, २००७ मध्ये, बॉस्टनने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. त्यामुळे त्याला 'फसलेला सौदा' म्हणायला मी तरी तयार नाही. पैसे कधी वसूल होतात हेही हिशोबात यावं लागतं.

जपानी पिचरांवर लहानपणापासून पडणारा भार हा वादाचा विषय आहे. मात्सुझाकाने १९९८ मध्ये शाळेत असताना कोशिएनच्या (जपानमधल्या शालेय बेसबॉलच्या) स्पर्धेत १७ इनिंगच्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले होते. तानाकाने २०१३ च्या जपान सिरीजमध्ये (जपानी लीगच्या अंतिम मालिकेत) एका दिवशी १६० चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन सामना संपवला. यामुळेच पुढे दुखापत झाली असं कुणाच्याही बाबतीत ठामपणे म्हणता येत नाही. अमेरिकेत वाढलेल्या पिचरांचेही कोपर फाटतातच. म्हणून मी या गोष्टीसाठी वेगळे गुण कापत नाही. त्याऐवजी साधा नियम लावतो: पाच वर्षांच्या करारात चार वर्षांच्याच इनिंग मिळतील असं धरायचं. पिचर तिशीचा असेल तर साडेतीन. पूर्ण हंगाम खेळणाऱ्याकडून साधारण १७० इनिंगची अपेक्षा ठेवा.

६. सुटकेच्या अटी वाचा

करारात 'ऑप्ट-आऊट' असेल तर पिचर मधल्या ठरलेल्या वर्षी करार सोडून बाजारात जाऊ शकतो. तो चांगला खेळत असेल तर जाईल, हात दुखत असेल तर राहील. म्हणजे फायदा त्याचा आणि जोखीम संघाची. तानाकाला २०१७ नंतर ही मुभा होती, त्याने ती वापरली नाही. यामामोतोला दोनदा आहे, पण कोपराची मोठी दुखापत झाली तर त्या तारखा पुढे सरकतात. अट लिहिणारा वकील हुशार होता.

इमानागाचा करार तर नवख्याने एकदा तरी वाचावाच. पहिल्या वर्षी १५ विजय, ३ पराभव, ईआरए २.९१. दुसऱ्या वर्षानंतर कब्जना आणखी तीन वर्षं ५.७ कोटींना घ्यायचा पर्याय होता, तो त्यांनी सोडला. मग इमानागाकडे सुमारे १.५ कोटींत एक वर्ष राहायचा पर्याय आला, तो त्याने सोडला. शेवटी लीगच्या नियमाप्रमाणे संघाने दिलेली एका वर्षाची सुमारे २ कोटी २० लाखांची ऑफर त्याने घेतली आणि गडी त्याच संघात राहिला. ऑप्ट-आऊट दिसला की शीटमध्ये दोन रकाने करा, 'गेला तर' आणि 'राहिला तर', आणि निर्णय 'राहिला तर' वर घ्या.

७. जपानी जाहिरातींवर फार भिस्त ठेवू नका

"जर्सी विकूनच पैसे निघतील" हे वाक्य ऐकू येईल. दुकानांतून विकल्या जाणाऱ्या जर्सीचं आणि परदेशी प्रक्षेपणाचं उत्पन्न सगळ्या ३० संघांत वाटलं जातं. संघाच्या स्वतःच्या हाती राहतात त्या मैदानावरच्या जपानी कंपन्यांच्या पाट्या, तिकिटं आणि मैदानातल्या दुकानाची विक्री. ओतानीसारख्याच्या बाबतीत हा आकडा मोठा असतो. बाकीच्यांसाठी शून्य धरा.

८. कमाल रक्कम लिहून ठेवा

पिचरने संघाला किती जादा विजय मिळवून दिले हे डब्ल्यूएआर या मापाने मोजतात, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत तो किती सरस ते. बाजारात एका डब्ल्यूएआरला ढोबळमानाने ८० ते ९० लाख डॉलर पडतात. आपल्या काल्पनिक पिचरकडून, दुखापती धरून, पाच वर्षांत ३, ३, २.५, २ आणि २ अशी अपेक्षा ठेवू. एकूण १२.५, म्हणजे ८० लाखांच्या भावाने १० कोटी.

आता तिसऱ्या पायरीवर परत या. पहिल्या संघाला तो ११.७ कोटींना पडतो: थोडा महाग, पण चालेल. दुसऱ्याला १५.७, तेव्हा विचार करावा लागेल. तिसऱ्याला २२.७, कागदावर वेडेपणा. तरी तिसरा संघच बहुतेकदा पाकीट उघडतो, कारण ८८ विजयांवर असलेल्या संघाला आणखी तीन विजय प्लेऑफमध्ये नेतात, आणि ७० वाल्याला ते कुठेच नेत नाहीत. यामामोतोने २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तीन सामने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डॉजर्सच्या मालकांना त्यानंतर दर इनिंगचा भाव कुणी विचारला नसेल.

त्याच हिवाळ्यात बाजारात असलेले दोन-तीन अमेरिकन पिचरही शेजारच्या रकान्यात टाका. त्यांना पोस्टिंगचं शुल्क नसतं. पण जुन्या संघाची एका वर्षाची ऑफर नाकारून आलेला असेल तर नव्या संघाला ड्राफ्टमधली निवड गमवावी लागते. जपानहून येणाऱ्याला हे लागू होत नाही. पुष्कळदा यामुळेच दोघांची किंमत जवळ येते.

आणि बातमीत "करार ठरला" असं आलं तरी वैद्यकीय तपासणी होईपर्यंत शीट बंद करू नका. हिसाशी इवाकुमाचं बघा. ओकलंडने २०१० मध्ये सुमारे १.९ कोटींची बोली जिंकली, पगारावर जमलं नाही आणि तो जपानलाच राहिला. २०१२ मध्ये मोकळा झाल्यावर सिॲटलने त्याला १५ लाखांत घेतलं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्याने एकही हिट (फलंदाजाने चेंडू मारून बेस गाठणं) न देता अख्खा सामना टाकला. त्याच डिसेंबरात डॉजर्सशी त्याचा तीन वर्षांचा ४.५ कोटींचा करार ठरल्याच्या बातम्या आल्या. तपासणीनंतर तो मोडला आणि इवाकुमा सिॲटलला परत गेला.